आत्याचा बोल्टनचा दिवस

आत्या बोल्टनला चार वर्षं राहिली, पण तिच्या सांगण्यात तिथला दिवस एकच असायचा. बाहेर पाऊस, आतोबा गिरणीत, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर रेडिओ चालू. सोमवारचा कार्यक्रम ती मंगळवारात घालायची, १९५५ ची हकिगत १९५७ च्या हिवाळ्यात सांगायची. आतोबांनी आरामखुर्चीतून तारीख दुरुस्त केली की म्हणायची, "तुम्ही घरात होतात कुठे?" यावर आतोबांकडे उत्तर नसे. ते पेपर वर धरत.

आता दोघंही नाहीत. मधल्या काळात बी.बी.सी.च्या त्या दिवसांबद्दल मी हाताला लागेल ते वाचत गेलो. आतोबांच्या तारखा बहुतेक बरोबर निघाल्या. पण आत्याच्या त्या सरमिसळ दिवसात एक गोष्ट होती, जी इतिहासाच्या पुस्तकांतून सहज निसटते: कुठल्या वेळी घरात कोण असतं आणि त्याचे हात कशात गुंतलेले असतात, यावर तो सगळा रेडिओ बेतलेला होता. तिकडे लंडनमध्ये साहेब लोकांना वाटत होतं की आपण राष्ट्राची अभिरुची घडवतो आहोत. इकडे बोल्टनमध्ये बाया त्या रेडिओवर बटाटे उकडत होत्या.

आतोबा व्ही.जे.टी.आय.मध्ये कापडाचं तंत्र शिकलेले. मुंबईच्या गिरणीत काही वर्षं काढून १९५३ च्या शरदात ते लँकेशायरला पुढच्या शिक्षणाला गेले, आणि मग अनुभवासाठी तिथल्याच गिरणीत लागले. आत्या पुढच्या उन्हाळ्यात बोटीने गेली. ती पोचली त्याच सुमारास, म्हणजे ४ जुलै १९५४ ला, मांसावरचं रेशनिंग उठलं आणि चौदा वर्षांची रेशनची राजवट संपली. गल्लीत सणासारखं वातावरण होतं आणि रत्नागिरीहून आलेल्या या शाकाहारी बाईला तो आनंद नेमका कशाचा, हे कळायला दोन दिवस लागले. घर एका विधवा बाईंचं. वरच्या दोन खोल्या यांच्या, स्वयंपाकघर सामायिक. आत्या घरमालकिणीला शेवटपर्यंत नुसतं "बाई" म्हणत राहिली, त्यामुळे मीही तेच म्हणतो.

रेडिओ बाईंचा. बेकेलाइटचा, तपकिरी, बुश कंपनीचा. कळ दाबली की आधी तबकडीमागे पिवळा उजेड पडे, मग आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं, मग आवाज दुरून चालत आल्यासारखा हळूहळू मोठा होई. तबकडीवर गावांची नावं छापलेली: हिल्व्हरसम, ॲथलोन, लक्झेंबर्ग. वर्षाला एक पौंड लायसन्स. वीज खोलीतल्या मीटरमध्ये शिलिंगचं नाणं टाकून मिळायची. नाणं संपलं की दिवा आणि रेडिओ एकदमच जात. नेमक्या रंगलेल्या प्रसंगी अंधार झाला की बाई एप्रनच्या खिशात चाचपडत काय बोलायच्या, ते आत्याने आम्हाला कधीच सांगितलं नाही. "तेवढं इंग्रजी मला येत नव्हतं," म्हणायची आणि हसायची.

ऐकायला तीन केंद्रं. 'होम सर्व्हिस' सगळ्यांत जुनी, महायुद्ध सुरू होताना म्हणजे १ सप्टेंबर १९३९ ला निघालेली: बातम्या, भाषणं, नाटकं, शाळांचे पाठ. 'लाइट प्रोग्रॅम' जुलै १९४५ चा: गाणी, नकला, मालिका. आणि सप्टेंबर १९४६ पासून फक्त संध्याकाळी लागणारा 'थर्ड प्रोग्रॅम', विद्वानांसाठी. त्या वेळचे महासंचालक विल्यम हेली यांच्या डोक्यात याचा एक पिरॅमिड होता. पाया रुंद, तो लाइट. मधला थर होम, टोकाला थर्ड. श्रोता तळाशी करमणुकीला येईल आणि चांगलं कानावर पडत पडत वर्षानुवर्षांत टोकाकडे चढेल, अशी त्यांची कल्पना. हे वाचलं तेव्हा मला आपले बाळकृष्ण केसकर आठवले. १९५२ साली ते नभोवाणी मंत्री झाले आणि श्रोत्यांना शास्त्रीय संगीताची गोडी लागावी म्हणून आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी सरळ काटा फिरवून रेडिओ सिलोन लावलं. बोल्टनमधली पोरं तशीच रात्री लक्झेंबर्ग लावायची. लोकांना वर चढवू पाहणाऱ्या माणसांनी रेडिओला फिरवायचं बटण असतं, हे नेहमीच थोडं कमी लेखलं आहे.

तर, दिवस. सकाळी होम सर्व्हिसवर ग्रिनिचचे सहा ठोके. पिप्, पिप्. हे ठोके १९२४ पासूनचे, आणि तेव्हा सहाही सारख्याच लांबीचे असत. शेवटचा लांब करण्याची युक्ती १९७२ मध्ये आली. आतोबा त्यावर घड्याळ लावत आणि डबा घेऊन बाहेर पडत. बातम्या, हवामान, एक छोटं चिंतन. हवामानाला आत्या कान द्यायची, पण त्यात रोज तेच असायचं.

नऊला लाइट प्रोग्रॅम सुरू झाला की बाई काटा तिकडे नेत. नऊ दहाला 'हाउसवाइव्ह्ज चॉइस', गृहिणींनी पोस्टकार्डावर कळवलेल्या फर्माइशी. भांडी, अंथरुणं, कोळशाची राख, सगळं त्या गाण्यांवर. मग सव्वादहाला काटा परत होमवर, कारण तिथे 'डेली सर्व्हिस', रोजची प्रार्थना. बाई मेथॉडिस्ट पंथाच्या. प्रार्थनेला त्या हातातलं काम खाली ठेवत. आत्याला हे आवडायचं. तीही तेवढा वेळ उभी राहून मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणून घ्यायची, म्हणजे एकाच रेडिओवर दोन देवांचं झालं.

साडेदहाला 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. याचा जन्म जून १९४० मधला, डंकर्कच्या माघारीनंतरच्या दिवसांतला. कारखान्यांत दारूगोळा आणि विमानांची कामं दिवसरात्र चालली होती. हात तेच ते करून थकतात, मन भरकटतं, आणि मग काम मंदावतं. म्हणून सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास अखंड वाद्यसंगीत. यासाठीचे नियम मोठे मजेचे होते. चाल एकसारखी हवी. फार संथ नको, लोक पेंगतात. फार चढउताराची नको, यंत्रांच्या आवाजात हळू भाग बुडतो. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास' हे गाणं तर या कार्यक्रमातून बादच झालं होतं, कारण त्यात मध्ये टाळ्या येतात आणि त्या ठिकाणी कामगार हातातले पाने आपटायला लागतात.

इथे आतोबा पेपर खाली ठेवत, कारण हा त्यांचा प्रांत होता. "विणकामाच्या शेडमध्ये," ते म्हणत, "रेडिओ लावून काय करणार?" शेकडो माग एकदम चालू, धोटे आपटताहेत, जमीन हादरते आहे. तिथे माणसाचा आवाज माणसाला ऐकू जात नाही, ऑर्केस्ट्राचा कुठून जाणार! लँकेशायरच्या विणकर बायकांनी यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय काढलेला होता. ओठ मोठाले हलवून, चेहरा वेडावाकडा करून, आवाजाशिवाय बोलायचं. त्याला त्या 'मी-मॉइंग' म्हणत. मागाच्या चार रांगांपलीकडच्या बाईला इकडची बाई कालच्या लग्नाची साग्रसंगीत हकिगत सांगू शकायची, आणि शेजारी उभ्या असलेल्या नव्या सुपरवायझरला पत्ता नसायचा. आतोबांना परळच्या गिरणीची सवय होती. तिथे खुणांची भाषा असतेच. तरी ही ओठांची बोली पाहून ते पहिल्या दिवशी चक्रावले. आपल्याबद्दलच बोलताहेत हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं, काय बोलताहेत ते कळायला सहा महिने लागले. कामगारांसाठी काढलेल्या कार्यक्रमाची गंमत अशी की गिरणीतल्या सगळ्यांत गोंगाटाच्या जागी तो पोचलाच नाही. तो ऐकला घराघरांतून बायकांनी, इस्त्री करताना.

जेवणाच्या सुट्टीला 'वर्कर्स प्लेटाइम'. मे १९४१ पासून रेडिओची गाडी पियानो आणि दोन-चार नकलाकार, गायक घेऊन एकेका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जायची आणि तिथून थेट प्रक्षेपण करायची. युद्धात कारखान्याचं नाव सांगायची बंदी, त्यामुळे 'ब्रिटनमध्ये कुठेतरी' एवढाच पत्ता. युद्ध संपून नऊ-दहा वर्षं झाली तरी कार्यक्रम चालूच होता. मटार आणि बटाट्याच्या ताटांवर चमचे थांबल्याचे आवाज रेडिओत ऐकू येत, असं आत्या सांगे.

दुपारी पावणेदोनला घर शांत करायचं. जानेवारी १९५० पासून पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी 'लिसन विथ मदर' नावाचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम होता. फोरे या फ्रेंच संगीतकाराची एक अंगाईसारखी पियानोची धून, मग एक बाई विचारायची, नीट बसलात ना? तर मग सांगते. आमचा थोरला आतेभाऊ बोल्टनचा. तो मांडीवर असल्यापासून आत्या त्याला घेऊन रेडिओसमोर बसायची. त्याला काही कळायचं नाही, आत्याला सगळं कळायचं. वाक्यं छोटी, उच्चार स्वच्छ, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा. लंडनच्या कुणा शहाण्या बाईने तान्ह्या मुलांसाठी आखलेला वर्ग रत्नागिरीच्या मॅट्रिक झालेल्या बाईने पूर्ण केला. आतेभाऊ झोपून जायचा.

दोनच्या ठोक्याला 'वूमन्स अवर'. ऑक्टोबर १९४६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा बायकांच्या या कार्यक्रमाचा निवेदक ॲलन आयव्हिमी नावाचा पुरुष होता. वेळ दोनची, कारण तोवर जेवणाची भांडी होतात, धाकटं झोपतं आणि थोरलं शाळेतून यायचं असतं. बायकांच्या दिवसातली ही एवढीच मोकळी खाच बी.बी.सी.ने कुणाला तरी विचारूनच शोधली असणार. विणकाम, पडद्यांचे कापड, मुलांचे आजार इथून सुरुवात झाली आणि बघता बघता रजोनिवृत्तीसारखे विषय त्यात आले, ज्यांवर आमच्या घरात बायका आपसांतही खालच्या आवाजात बोलत. साहेब मंडळी अस्वस्थ झाली होती म्हणे. आत्याने तो भाग बाईंबरोबर ऐकला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. पण संपल्यावर बाईंनी चहा केला आणि आपलं सगळं सांगितलं, असं आत्या माझ्या आईला सांगत होती आणि मी शेजारच्या खोलीत अभ्यास करतोय अशी दोघींची समजूत होती.

चार वाजता मिसेस डेल.

'मिसेस डेल्स डायरी' ही जानेवारी १९४८ पासून चाललेली मालिका. लंडनच्या उपनगरातला डॉक्टर, त्याची बायको, सासूबाई, मुलं, मोलकरीण. रोज पंधरा मिनिटं, आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तेच पुन्हा. घडायचं जवळजवळ काहीच नाही. मिसेस डेलला आपल्या नवऱ्याची, जिमची, काळजी वाटत असायची. ते तिचं पालुपद इतकं झालं होतं की देशभर त्याच्या नकला होत. आतोबा म्हणत, "रोज काळजी, आणि त्या जिमला साधं पडसं नाही." पण आत्याचं इंग्रजी मिसेस डेलने घडवलं. बाईंची बोली लँकेशायरची, अर्धे शब्द गिळलेले. त्यामुळे आत्या दाद द्यायची बाईंना, पण शिकायची डॉक्टरीणबाईंकडून. परिणाम असा झाला की भाजीवाल्याकडे ती कोबी मागायला गेली की त्या दुकानात आजवर कुणी ऐकला नसेल असा उच्चभ्रू उच्चार बाहेर पडायचा. पातळ नेसलेली, कुंकू लावलेली बाई आणि लंडनच्या डॉक्टरच्या बायकोची भाषा. भाजीवाला तिला 'डचेस' म्हणायला लागला. आत्याला तो मान वाटला. तो मान नव्हता हे आतोबांनी तिला सांगितलं नाही, आणि पुढे तिच्या लक्षात आलं तोवर दोघांची दोस्ती झालेली होती.

उच्चार ही त्या रेडिओतली फार नाजूक जागा होती. युद्धकाळात, १९४१ साली, विल्फ्रेड पिकल्स या यॉर्कशायरच्या माणसाला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं. सांगण्यात येई ते कारण असं की जर्मनांना त्या उच्चाराची नक्कल करता येणार नाही. बातम्या संपवताना त्याने उत्तरेकडच्या लोकांना त्यांच्याच बोलीत शुभरात्री म्हटलं आणि गहजब झाला. तक्रारी आल्या, त्यात खुद्द उत्तरेच्या लोकांच्याही होत्या: असल्या गावंढळ आवाजात बातमी खरी वाटत नाही! गंमत म्हणजे त्याच युद्धकाळात होम सर्व्हिसवर इंग्रजी बातम्या वाचणाऱ्यांत एक मराठी बाई होती, कोल्हापूरजवळच्या शिरोळची वेणू चितळे. जॉर्ज ऑर्वेल बी.बी.सी.च्या पूर्व विभागात होता तेव्हा ती त्याच्या सहकाऱ्यांत होती आणि तिथून हिंदुस्थानकडे जाणारं मराठी वार्तापत्रही वाचायची. पुढे तिने 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. आतोबांना ही माहिती असल्याचं मला आठवत नाही. असती तर भाजीवाल्याला त्यांनी नक्की ऐकवली असती.

लंडनहून मराठी प्रसारण १९४२ साली सुरू झालं होतं, आणि मधला थोडा खंड सोडला तर १९५८ च्या अखेरीपर्यंत चाललं. पण ते लघुलहरींवर, हिंदुस्थानच्या रोखाने. म्हणजे दोनशे मैलांवरच्या लंडनमध्ये कुणीतरी मराठी बोलत होतं आणि ते बोल्टनला न येता रत्नागिरीला माझ्या आजोबांच्या बॅटरीच्या रेडिओवर, खरखरीसकट, पोचत होतं. आजोबा पत्रात लिहीत, काल तुमच्या लंडनचं मराठी ऐकलं, बोलणारा चांगला होता, तुमच्या ओळखीचा का? आत्याने कळवलं, लंडन इथून मुंबई-नागपूर नव्हे, पण बरंच लांब आहे. आजोबांचा विश्वास बसला नसावा, कारण पुढच्या पत्रात प्रश्न तोच होता.

पाचला 'चिल्ड्रन्स अवर'. शनिवारी सकाळी मुलांच्या फर्माइशी घेऊन अंकल मॅक येत. त्यांचं नाव डेरेक मॅकलक. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत त्यांचा एक डोळा गेला होता, १९३८ मध्ये बसच्या अपघातात एक पाय गेला. देशातल्या सगळ्या पोरांना ठाऊक असलेल्या लॅरी नावाच्या कोकराचा बें-बें आवाज याच माणसाचा. हे आत्याला तेव्हा कुठे माहीत असणार! मी वाचून सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आवाजात कधी आलं नाही ते."

सहाच्या आगेमागे समुद्राचं हवामान लागायचं. लाइट प्रोग्रॅम लांब लहरींवर, १५०० मीटरवर होता, तो दूर समुद्रातल्या मच्छिमार बोटींपर्यंत पोचायचा. म्हणून हे पत्रक तिथे. एक माणूस एकाच सुरात समुद्राच्या भागांची नावं घेत जायचा: फोर्टीज, क्रोमार्टी, फोर्थ, टाइन, डॉगर. मग वाऱ्याची दिशा, जोर, दृश्यता. बोल्टनपासून समुद्र चांगला लांब. बाईंना या यादीचा काडीचा उपयोग नव्हता. तरी लावायच्या, पुढच्या कार्यक्रमाची वाट बघत. आत्या मात्र भांडी पुसायचं थांबवून ऐकायची. ती बंदरावरची. मिऱ्यावर बावटा चढला की मचवे आत ओढायचे, हे तिच्या रक्तातलं. जोर आठ म्हटलं की तिच्या तोंडून "बावटा लागला" निघून जायचं. त्या चार वर्षांत यादीतलं हेलिगोलँड जाऊन जर्मन बाइट आलं, तेव्हा तिने हा बदल बाईंना दाखवून दिला. बाईंनी तो इतक्या वर्षांत ऐकलाच नव्हता, ना जुना, ना नवा.

सहाच्या बातम्या एरवी कुणाचं काही बिघडवत नसत. १९५६ चा नोव्हेंबर सोडून. नासरने सुएझ कालवा राष्ट्राच्या ताब्यात घेतला होता आणि ब्रिटन, फ्रान्सने इस्राएलशी संगनमत करून इजिप्तवर चाल केली. बाईंचा मुलगा सक्तीच्या सैन्यसेवेत होता. आतोबा नेहरूंच्या बाजूचे, म्हणजे नासरच्या. स्वयंपाकघर एकच. ३ नोव्हेंबरला पंतप्रधान ईडन यांनी राष्ट्राला उद्देशून भाषण केलं. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचे गेट्‌स्केल यांनी त्याच बी.बी.सी.वरून त्यांना उत्तर दिलं; सैन्य लढायला निघालेलं असताना सरकारी धोरणावर उघड टीका. सरकार खवळलं, पण बी.बी.सी.ने वेळ दिलीच. मला वाटतं, त्या संस्थेने आयुष्यात केलेल्या मोठ्या गोष्टींत ही एक आहे, आणि तिचं महत्त्व आपल्याकडे १९७५ ते ७७ मध्ये आकाशवाणी ऐकलेल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. तोवर तर तिथे एक विचित्र नियमही होता: पुढच्या चौदा दिवसांत जो विषय संसदेत यायचा असेल त्यावर रेडिओवर चर्चा करायची नाही. त्या वर्षाअखेर तो बाजूला ठेवला गेला. गेट्‌स्केल बोलत होते तेव्हा आतोबा जिन्यात उभे राहून ऐकत होते, कारण आत जावं की नाही ते कळत नव्हतं. बाईंनीच हाक मारली. "या, इथे बसून ऐका. तो माझ्या मुलाबद्दल बोलतोय." त्या मजूर पक्षाच्या होत्या हे आतोबांना त्या दिवशी कळलं.

पावणेसात म्हणजे 'द आर्चर्स'. या वेळेला आधी डिक बार्टन नावाच्या गुप्तहेराच्या करामती लागत, दीड कोटी लोक ऐकत. ते बंद करून १९५१ मध्ये शेतकरी कुटुंबाची ही मालिका आणली. बाईंच्या मुलाने तेव्हा दोन दिवस जेवण टाकलं होतं. मालिकेमागचा हेतू सरळ होता. युद्धानंतर अन्न कमी, शेतकऱ्याने नव्या पद्धती घ्याव्यात, आणि भाषणं देऊन तो घेत नाही. बर्मिंगहॅमच्या एका बैठकीत कुणी शेतकरी उठून म्हणाला होता, आम्हाला शेतीतला डिक बार्टन द्या. निर्माता गॉडफ्रे बेझली याने ते मनावर घेतलं. आणि लेखक घेतले ते डिक बार्टनचेच.

२२ सप्टेंबर १९५५ ला आत्या खालच्या मजल्यावर आली तर बाई टेबलावर डोकं ठेवून रडताहेत. आत्याला वाटलं, मुलाची तार आली. ती धावली, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. पुष्कळ वेळाने बाई म्हणाल्या, ग्रेस गेली. कोण ग्रेस? आर्चर्सची सून. तबेल्याला आग लागली, घोडा वाचवायला आत शिरली. देशभर हेच झालं. बी.बी.सी.चे फोन तुंबले, अंत्यविधीसाठी लोकांनी फुलं पाठवली. त्याच संध्याकाळी लंडनमध्ये पहिलं व्यापारी दूरचित्रवाणी केंद्र सुरू होत होतं. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत जागा कुणी खाल्ली हे सांगायला नको. योगायोग म्हणणारे म्हणोत बापडे.

रात्रीचं आत्याला फारसं आठवायचं नाही, तेव्हा ती वर मुलाला झोपवत असे. रात्र आतोबांची. त्यांना एका गोष्टीचं नवल कधी ओसरलं नाही: या देशात रेडिओवर बोलक्या बाहुल्याचा कार्यक्रम होता, 'एज्युकेटिंग आर्ची', आणि तो कोट्यवधी लोक ऐकायचे. पाध्यांचा अर्धवटराव स्टेजवर पाहिलेल्या माणसाला हे कसं पटावं? ओठ हलत नाहीत हे बघायला तरी मिळायला हवं! आणि मग 'द गून शो'. १९५१ ते १९६० चाललेला तो अचाट वेडेपणा बाईंना मुळीच सहन व्हायचा नाही. आतोबा आवाज बारीक करून कान लावून ऐकत आणि एकटेच हसत. त्यात मिस्टर लालकाका आणि मिस्टर बॅनर्जी असे दोन हिंदी गृहस्थ अधूनमधून यायचे. आज ती नक्कल ऐकली तर अंगावर येते, पण आतोबांना लालकाका आवडायचा. लिहिणारा स्पाइक मिलिगन. त्याचा जन्म १९१८ सालचा आणि अहमदनगरचा, बाप इंग्रजी फौजेत, बालपण पुण्यात. हे आतोबांना फार नंतर कळलं आणि मग त्यांनी जो भेटेल त्याला ते सांगितलं. "नगरच्या माणसाने इंग्लंडला हसायला शिकवलं." आत्या म्हणायची, "बाईंना नाही शिकवलं."

थर्ड प्रोग्रॅम त्या घरात एकदाच लागला, तोही चोरून. २५ जानेवारी १९५४. आत्या अजून आलेली नव्हती, आतोबांना झोप येत नव्हती. खाली येऊन त्यांनी काटा फिरवला आणि एका भारदस्त वेल्श आवाजावर थांबले. समुद्राकाठच्या एका लहान गावातली एक रात्र आणि एक दिवस, त्यातल्या माणसांची स्वप्नं, भांडणं, पोस्टमन, नवऱ्यांना बोलणाऱ्या बायका. डिलन टॉमसचं 'अंडर मिल्क वुड', आवाज रिचर्ड बर्टनचा. कवी अडीच महिन्यांपूर्वी न्यूयॉर्कला वारला होता. निम्मंसुद्धा कळलं नाही, पण उठवेना, असं आतोबा सांगायचे. हेलींच्या पिरॅमिडवर टोकापर्यंत चढलेला आमच्या घरातला हा एकमेव माणूस, आणि तो निद्रानाशामुळे चढला.

१९५८ मध्ये तिघं परत आले. तिकडे त्याच सुमारास नुसत्या रेडिओच्या लायसन्सांपेक्षा दूरचित्रवाणीची लायसन्सं जास्त झाली. दादरच्या घरात आत्याने विविध भारती लावायला सुरुवात केली, पण चार वाजले की तिला चुकल्यासारखं व्हायचं. बाईंचं दर नाताळाला पत्र यायचं. पहिल्या पानावर मुलाचं, सुनेचं, गुडघ्यांचं. दुसरं पूर्ण पान मिसेस डेलच्या घरचं. १९६३ च्या पत्रात बाई संतापलेल्या होत्या: मिसेस डेलचं काम करणाऱ्या एलिस पॉवेलला काढून जेसी मॅथ्यूज नावाच्या जुन्या सिनेमानटीला आणलं आहे, जिमने हे कसं चालवून घेतलं ते समजत नाही. १९६७ मध्ये होम, लाइट, थर्ड ही नावंच गेली आणि केंद्रांना नुसते आकडे आले. बाईंनी ते आकडे पत्रात एकदाही वापरले नाहीत. १९६९ च्या एप्रिलमध्ये मालिका बंद झाली. ते कळवायला नाताळापर्यंत थांबणं त्यांना जमलं नाही, मे महिन्यातच निळं एअरमेल आलं. आत्याने उलटटपाली विचारलं, मग चारला आता काय लागतं? उत्तर आलं, 'वॅगनर्स वॉक', लंडनमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या तीन तरुण मुलींची गोष्ट आहे, आणि मी ती ऐकत नाही. कालच्या भागात त्यांच्यातली एक फार मूर्खासारखी वागली.